नवसीची डबी

पुंडलिकची होडी नवापूरच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा टोपल्या घेऊन सगळ्यांच्या बायका आल्या होत्या. त्याची नवसी तेवढी नव्हती. चार दिवसांनी नवरा येतोय आणि ही झोपली असणार, म्हणून तो चिडला.

"आमची राणी कुठं हाय?" त्यानं शेजारच्या रखमाला विचारलं. एरवी रखमा चार शिव्या उलट देणारी. त्या दिवशी तिनं त्याच्या हातातली टोपली घेतली आणि म्हणाली, "दादा, तू आधी घरी जा."

बोंबील वाळत घालता घालता नवसी बांबूखाली बसली, ती उठलीच नाही. अर्धी रांग लावून झाली होती, अर्धे बोंबील टोपलीत तसेच होते. लोक म्हणाले, ऊन लागलं. पुंडलिकनं मान डोलावली.

खरं काय ते त्याला माहीत होतं. तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवायची त्यांच्या आळीत जुनी रीत. पोर निजलं की आईचे हात कामाला मोकळे. लेक शकू झाली तेव्हा नवसीनं पोरीला बोट चाटवलं आणि बोटाला उरलेलं स्वतः चाटलं. पाठदुखी थांबली. पुढं पाठ दुखली नाही तरी अफू लागायला लागली. मिळाली नाही की नाक गळायचं, पाय ओढायचे. सरकारनं अफूची दुकानं बंद केल्यावर पुंडलिक बोईसरहून चोरून आणायचा. अफूची डबी स्वतःच्या कनवटीला ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी द्यायचा. दर्यावर जाताना नेमक्या तेवढ्या दिवसांच्या गोळ्या काढून ठेवायचा.

"मी काय तान्हं पोर हाय?" नवसी भांडायची. या खेपेला शकू बाळंतपणाला आली होती, तिच्यासमोर तमाशा नको म्हणून त्यानं भरलेली डबीच पुढं केली. "घे, हो मालकीण." नवसी हसली. किती दिवसांनी हसली होती.

डबी तिच्या उशाखाली सापडली. तळाला थोडंच काळं उरलं होतं. ती त्यानं परत कनवटीला लावली.

बारावं झालं. शकूनं पदर खोचला. तिचं तान्हं पोर रडून घर डोक्यावर घेत होतं.

"बा, आयेची डबी कुठं हाय?"

"दर्यात पडली."

"मग आता मासे निजतील. बरे घावतील तुला."

तिसऱ्या दिवशी दुपारी तारापूरकडे अणुशक्तीच्या कामाचा सुरुंग उडाला. एरवी त्या आवाजानं पोर किंचाळायचं. आज झोळी हललीही नाही. पुंडलिकनं पोराच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, पण फार हळू. त्यानं पोर उचललं, तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. पोर रडलं तेव्हा कुठं त्यानं ते खांद्यावर घेतलं.

शकू धावत आली. "आत्ता कुठं निजलं होतं! रखमामावशीनं चिमूटभर दिली. आयेनं मला नाय दिली? मी मेले का?"

तुझी आय त्यानंच गेली, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण ते सांगायचं, तर डबी कुणी दिली तेही सांगावं लागलं असतं.

"उद्यापासून पोर मी सांभाळतो. होडी माझा जोडीदार आत्माराम नेईल."

"बापई माणूस झोळी हालवणार? गाव हसंल."

"हसू दे."

गाव हसलं. पुंडलिक आता नातवाला मांडीवर घेऊन बसतो आणि शकू बोंबील लावते. पुढच्या महिन्यात ती पोराला घेऊन सातपाटीला सासरी जाईल. तिथंही बोंबील आहेत, पण पोर धरायला पुंडलिक नसेल.

डबी अजून त्याच्या कनवटीला आहे. आई कशानं गेली, हे त्यानं शकूला अजून सांगितलेलं नाही.