केबल काढून लिहिलेलं पत्र

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तक्रार विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि वहिनी. मालक त्यांचे धाकटे दीर, म्हणून रखवालदारापासून मुख्य हिशेबनिसांपर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांची उत्तरं इतकी मऊ असत, की तावातावानं लिहिणारं गिऱ्हाईक दुसऱ्या पत्रात स्वतःच माफी मागून मोकळं होई.

या मऊपणामागे एक पद्धत होती आणि ती वहिनींखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. तक्रार आली, की त्या आधी खरं उत्तर लिहीत. ‘भाजी तोलायच्या काट्यावर आपण सहकुटुंब उभे राहिलात, यात काट्याचं काय चुकलं?’ मग टेबलाखाली वाकून संगणकाची इंटरनेटची केबल उपटत आणि ‘पाठवा’ दाबत. सुर्र असा आवाज होई. जीव थंड होई. पत्र मात्र कुठेच न जाता पाठवणीच्या खणात अडकून बसे. वहिनी ते पुसून टाकत, केबल परत खोचत आणि ‘आदरणीय ग्राहक’ म्हणून नव्यानं सुरुवात करत. गिऱ्हाइकांच्या जोडीनं भाऊजींनाही त्यांनी अशी बरीच पत्रं लिहिली होती. घरात शांतता नांदत होती ती त्यामुळेच.

अशात कारखान्यात नवी ईमेल यंत्रणा आली.

ती समजावून सांगायला सगळ्यांना सभेच्या खोलीत बसवलं होतं. संगणकांचं काम पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘बंदचालू’ म्हणत, कारण कुठल्याही दुखण्यावर ते ‘बंद करून चालू करा’ एवढंच सांगत. आज मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

“पाठवलेलं पत्र आता परत मागवता येतं. ज्याला पाठवलं त्याला विचारणा जाते, त्यानं हो म्हटलं की पत्र परत!”

“म्हणजे ज्यानं एरवी उघडलंही नसतं, तोसुद्धा आधी वाचून घेणार,” हिशेबनीस म्हणाले.

बंदचालूंनी ते ऐकलं नाही. गाडी चालवताना फोन पत्रं मोठ्यानं वाचून दाखवतो. आलेल्या पत्राखाली तयार उत्तरांची तीन बटणं येतात, नुसतं बोट लावायचं. आणि तक्रारींना तर यंत्रणा आपली आपणच उत्तर देते. नमुना म्हणून त्यांनी एक तक्रार पडद्यावर आणली. ‘तुमचा काटा रिकामा असतानाच पाव किलो दाखवतो,’ असं एका दुकानदारानं लिहिलं होतं. यंत्रणेनं क्षणात उत्तर दिलं : ‘आमच्या उत्पादनाबद्दल आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत.’

भाऊजी खूश झाले. “बघा वहिनी! किती वर्षं डोकं शिणवलंत. पुढच्या महिन्यापासून घरी निवांत बसा. आम्हाला काय, तुमचा आराम महत्त्वाचा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी घड्याळ बघत निघाले. आईला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

वहिनी टेबलाशी येऊन बसल्या. घरी निवांत बसायचं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं माहीत होतं. घरी त्या कुणाच्या सून, कुणाच्या आई, कुणाची किल्ली हरवली तर ती शोधणाऱ्या. या टेबलावर तेवढं त्यांचं स्वतःचं असं काही होतं. त्यांनी पत्राला विषय दिला, ‘खरं सांगायचं तर’, आणि लिहायला घेतलं.

‘भाऊजी, मला आराम नको आहे. आराम तुम्हाला हवा आहे, माझ्या प्रश्नांपासून. रिकामा काटा पाव किलो दाखवतो हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा चहा मागवलात. बिघडलेल्या काट्याचा मालक आभार मागत नाही, काटा दुरुस्त करून मागतो. तुमच्या यंत्राला हे कळत नाही, आणि तुमचं तर बोलायलाच नको. तो काटा दुरुस्त करून द्या. आणि हा विभाग माझ्याकडेच राहील.’

वाकल्या, केबल उपटली, ‘पाठवा’ दाबलं. सुर्र. जीव थंड झाला. पाठवणीचा खण उघडला, तर खण रिकामा.

“अहो बंदचालू!” वहिनी ओरडल्या. “पत्र अडकलं का नाही?”

बंदचालूंचा चेहरा फुलला. “आता अडकणारच नाही, वहिनी! केबल नसली तरी यंत्रणा बिनतारी इंटरनेट धरते. हीच तर सगळ्यात मोठी सोय. सांगायची राहूनच गेली.”

“चांगलंच राहिलं हो,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ‘परत मागवा’ दाबलं. हिशेबनिसांचं वाक्य त्यांना दाबल्यानंतर आठवलं.

पुढचा वेळ त्यांनी खण आवरण्यात घालवला. पेनं, चष्म्याचं जुनं घर, एक नमुन्याचा काटा. काटाही पिशवीत टाकावा का, असा विचार चालू असताना टिंग वाजलं. भाऊजींचं उत्तर. दोनच शब्द : ‘मान्य आहे.’

वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मान्य आहे! भाऊजींनी आजवर सुट्टीचा अर्जसुद्धा ‘बघू’ असं लिहूनच परत पाठवला होता.

तासाभरानं भाऊजी स्वतः आले आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसले.

“वहिनी, ते उत्तर मी नाही दिलं. मी गाडी चालवत होतो, फोन आईच्या हातात. फोन म्हणाला, वहिनींना ‘खरं सांगायचं तर’ हे पत्र परत हवंय, देऊ का? आई म्हणाली, थांब, आधी ऐकू दे.”

“सासूबाईंनी ऐकलं?”

“दोनदा! त्या फोनचा आवाज तर असा लाडिक, की ‘तुमचं तर बोलायलाच नको’ हे वाक्य अंगाईसारखं वाजलं. मग खाली तीन बटणं आली. ‘धन्यवाद’, ‘बघू’ आणि ‘मान्य आहे’. मी म्हटलं, आई, मधलं दाब. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिसरं दाबलं.”

वहिनींना हसू आवरेना. “मग घ्या की परत मागवून. सोय आहे.”

“मागवलं तर विचारणा तुम्हाला येणार. तुम्ही ती आईला दाखवणार.”

“दाखवणारच.”

भाऊजींनी सुस्कारा सोडला. नमुन्याचा काटा पुढे ओढला. रिकामा काटा पाव किलो दाखवत होता. त्यांनी त्याला टिचकी मारली, तरी पाव किलो कायम.

“बरं, उद्या कारागिरांना बोलावतो. विभाग तुमच्याकडेच. पण एक विचारू? असं पत्र याआधी कधी लिहिलं होतंत मला?”

“छे, छे! हे पहिलंच,” वहिनी म्हणाल्या.

दारातून बंदचालूंचं डोकं आत आलं. “वहिनी, आणखी एक सोय सांगायची राहिली! जुनी पुसलेली सगळी पत्रं नव्या यंत्रणेत परत मिळतात. तुमची तर खूपच निघालीत. साहेबांच्या नावाचा वेगळा कप्पा करून देऊ का?”

भाऊजींनी मान वर केली.

“बंदचालू,” वहिनी अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमची ती यंत्रणा जरा बंद करा. आणि चालू करायची घाई नको.”