दोन बोटांमधले आतडे

मित्रांनो, मी एक जुने पोट आहे. दचकू नका, माणसाचे नव्हे, प्लास्टरचे. पोटाच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी मी उभे असते. वर जठर, त्याखाली लहान आतड्याची वेटोळी आणि त्यांना चौकटीसारखे वेढून बसलेले मोठे आतडे. मला झाकण नाही. तेव्हा माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही समजून घ्यालच.

साच्यातून निघाले तेव्हा मी पांढरेफटक होते. रंगकामाच्या खोलीत सगळ्या जणी जठर मागून घेत, कारण ते मोठे आणि गुळगुळीत. आतडी नेहमी एकाच बाईच्या वाट्याला येत. लहान आतडे उजवीकडे खाली मोठ्या आतड्याला जिथे मिळते, तो कोपरा तर तिने बारीक ब्रशने, मान अवघडेपर्यंत रंगवला. कोणीतरी तिला चिडवले, की आतडी एवढी कोण बघतंय? ती मान वर न करता म्हणाली, “ज्याची दुखतायत तो बघेल.” तिचे उपकार मी विसरलेले नाही.

बाईंनी दवाखाना उघडला तेव्हा मी इथे आले. आतड्याची जुनाट सूज असलेली माणसे फार येत. खुर्चीत बसली की ती लाजत, खाकरत, हवापाण्याच्या गप्पा मारत. मग बाई मला पुढे सरकवत. दुखणे कुठे आहे ते तपासून झाले, की त्या जागेवर पेशंटने स्वतः बोट ठेवायचे, त्याशिवाय उठायचे नाही, हा बाईंचा नियम. माझ्यावर बोट टेकले की माणसांना बोलता येई. मला फार बरे वाटायचे.

पुढे भिंतीवर पडदा आला. त्यावर आतडी हलत, रंग बदलत. माझी रवानगी कपाटावर झाली. मोठ्या आतड्याचा उजवा तुकडा सैल होऊन पडू लागला, म्हणून कोणीतरी मला रबर बँड घातला. पोटाला रबर बँड! राग आला नाही असे मी म्हणणार नाही. पण तिथूनही सगळे दिसत होते.

एक ताई यायची. तिचे केस कापायचे दुकान होते. तिची सूज अगदी शेवटी, गुदाशयात. गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापलेले असताना कात्री टाकून तिला धावावे लागे, आणि रक्त पडे. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा फारसा गुण येईना, तेव्हा बाईंनी तिला खालून, गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची बत्ती दिली. ताईने आधी नाक मुरडले, मग वापरली. रक्त थांबले. आता मी कात्री खाली ठेवत नाही, असे ती ज्याला त्याला सांगत सुटली.

तिचा धाकटा भाऊ सुतार. आईमागे तिनेच त्याला वाढवले. त्यालाही आतड्याची सूज निघाली, पण लहान आतड्याच्या टोकाला. बाईंनी त्याला बरोबर तिथेच जाऊन उघडणाऱ्या कॅप्सुल दिल्या. गुण हळू येत होता. ताईला दम निघेना. घरातले दुखणे एकच, मग औषधही एकच, असे म्हणून तिने आपल्या बत्त्या त्याला दिल्या आणि कॅप्सुल बंद करायला लावल्या. ताईचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

तो परत आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता. फळी उचलली की उजवीकडे कळ येई. सूज वाढली होती. आतडे अरुंद झाले तर तो भाग कापावा लागेल, असे बाई म्हणाल्या तेव्हा ताईने बत्त्यांचे सगळे सांगून टाकले. बाईंनी पडद्यावर चित्र दाखवले. ताईने मान डोलावली, आणि मग विचारले, “पण बाई, मला लागू पडलं ते याला का नाही पडत?”

बाई स्टुलावर चढल्या. त्यांनी मला खाली काढले आणि आपल्या रुमालाने पुसले.

“तुमचं बोट ठेवा,” त्या म्हणाल्या. ताईने अगदी खाली ठेवले. “आता तुझं.” भावाने उजवीकडच्या त्या कोपऱ्यात ठेवले.

“बत्ती इथं, तुमच्या बोटापाशीच विरघळते. एनिमा दिला तरी औषध फार तर डावीकडच्या या वरच्या वळणापर्यंत जातं. जा बरं तुम्हीच, भावाच्या बोटापर्यंत.”

ताई निघाली. डावीकडून वर, मग आडवे, मग उजवीकडे खाली. अर्ध्यावर तिचे बोट थांबले, पुन्हा निघाले. रबर बँड तुटला आणि उजवा तुकडा तिच्या हातात आला.

“म्हणजे इतके दिवस मी याला बिनऔषधाचाच ठेवला,” ती म्हणाली आणि रडू लागली.

“ताई, रडू नकोस,” भाऊ म्हणाला. “तो तुकडा इकडे दे. मी बसवतो.”

कॅप्सुल पुन्हा सुरू झाल्या. त्या पुरेनात, तेव्हा इंजेक्शने लागली. प्रत्येक तपासणीला ताई बाहेरच्या बाकावर ओठ आवळून बसे. शेवटी सूज उतरली आणि आतडे कापावे लागले नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही. भावाने मला लाकडी बैठक करून आणली आणि तुकड्याला खुंटी बसवली. तेव्हापासून मी पुन्हा टेबलावर आहे.

मित्रांनो, मायेने का होईना, एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नका. दुखण्याचे नाव सारखे वाटले तरी ते कुठे आहे, हे डॉक्टरांना विचारा, आणि लाज वाटली तर माझ्यासारख्या एखाद्या पोटावर बोट ठेवा. उजवीकडच्या कोपऱ्यातला माझा रंग आता बोटांनी झिजला आहे. ती रंगवणारी बाई तुम्हाला कुठे भेटलीच, तर तिला माझा एवढा निरोप द्या, की ज्याची दुखत होती त्याने बघितली.