देवीकडे तोंड असलेला पडदा

“पडद्याचं तोंड देवीकडे ठेव. माणसं काय, बसतील जागा मिळेल तिथे.”

होक-सेंगच्या वडिलांनी मला पहिल्यांदा त्याच्या हातात दिले, तेव्हा एवढेच सांगितले.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. सिनेमाचा, पण थिएटरातला नव्हे, नवसाचा. आमच्या समुद्रकाठच्या गावात नवस पुरा झाला की दर्यावर राखण करणाऱ्या माझू देवीला सिनेमा दाखवतात. कुणाची होडी वादळातून परत येते, कुणाची सून सुखरूप बाळंत होते, आणि मला देवळाच्या अंगणात दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधतात. समोर गाभाऱ्यात देवी बसलेली असते. तिच्या पायाशी संत्री, उदबत्त्या आणि गावातली सगळी चिल्लीपिल्ली.

मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवले. कडांना पितळी कड्या लावल्या. होक-सेंग यंत्र चालवी आणि त्याची बायको फिक-हा भाजलेले शेंगदाणे विकी. समुद्राचा वारा सुटला की ती माझ्या मागे स्टूल टाकून, एका हाताने माझी दोरी धरून बसे. त्यामुळे सिनेमा ती नेहमी मागूनच बघे. तिच्या लेखी सगळे नट डावखुरे!

त्या काळी गावाचा लाडका नट होता कांग खाय-बिंग. त्याचा चेहरा माझ्यावर इतक्या वेळा पडला आहे की मला तो माझाच वाटतो. आणि त्याच्यावरून या नवराबायकोत जे भांडण चाले, ते ऐकत मी म्हातारा झालो.

फिक-हा म्हणे, “‘आगरातला बाप’मध्ये त्याने जे केलंय ना, ते पुन्हा कुणाला जमायचं नाही. मिठाच्या ढिगात मुलाची टोपी सापडते आणि तो रडतो, तेव्हा माझ्या हातातली दोरी थरथरते.”

“तेच त्याचं सगळ्यात वाईट काम,” होक-सेंग म्हणे. “रडतो की शिंकतो तेच कळत नाही! काम बघायचं तर ‘उलट्या चपलांचा नवरदेव’मधलं बघ.”

“त्यात काय बघायचं? नुसता भात गिळतो मेला. तेवढं तर तूही करतोस, म्हाताऱ्या माकडा. तुझाही सिनेमा काढायचा का?”

“काढ. तू तिकीट काढून येशील का, ते आधी सांग.”

अशा भांडणात मी धुतला जाई, वाळत घातला जाई आणि घडी होऊन पेटीत जाई. त्या वेळी माझे कौतुकही फार होते. पुजारी म्हणत, “पडदा असावा तर होक-सेंगचा. एक सुरकुती दिसायची नाही.”

पुढे घरोघरी टीव्ही आले. अंगण रिकामे राहू लागले. देवी एकटी बघायची, मी एकटा दाखवायचो. मला त्याचे वाईट वाटत नसे. माझे तोंड तर तिच्याकडेच होते. पण नंतर नवसच कमी झाले आणि माझ्यावर मुळ्याच्या खारवलेल्या फोडी वाळू लागल्या. माझ्या कोपऱ्यावरचा पिवळा डाग मुळ्याचा आहे. मुळाही कुणाच्या तरी पोटात जातो, असे म्हणून मी मनाची समजूत घातली.

मग एका थंडीत होक-सेंगला झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. मला घडी करून त्याच्या खाटेखाली ठेवले होते, म्हणून त्या घरातली शांतता मी ऐकली आहे. मित्रांनो, ज्या घरात रोज भांडण होते, तिथली शांतता फार जड असते.

फिक-हाने रोज सकाळी घरातल्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची आणि मगच पाणी प्यायचे, असा नेम धरला. एका सकाळी तिने हात जोडले. “देवी, याची वाचा परत दे. कांग खाय-बिंगचं सगळ्यात चांगलं काम तुला दाखवीन. चांगलंच दाखवीन, उरलंसुरलं नाही.”

दिवस गेले. ती त्याला माशाची पेज भरवी आणि एकटीच बोलत राही. मुलगी बुन-लिंग शहरातून येऊन राहिली होती. तिला एकदा फिक-हा म्हणाली, “नवस फेडायची वेळ आली की ‘आगरातला बाप’च लावायचा. त्याहून चांगलं काम त्याने केलेलंच नाही.”

खाटेवरून आवाज आला, “चू...क.”

बुन-लिंगच्या हातातले भांडे खाली पडले. फिक-हा हसत होती की रडत होती, मला खालून दिसले नाही. फक्त ऐकू आले, “तोंड उघडलंस तेही भांडायलाच! मेल्या माकडा!”

हळूहळू शब्द परतले, आणि त्यांच्याबरोबर भांडणही. पण आता फिक-हाच्या जिवाला घोर लागला. सगळ्यात चांगले काम कोणते? ती म्हणते ते, की ज्याच्यासाठी नवस बोलली तो म्हणतो ते? चुकीचा सिनेमा लावला तर नवस फिटणार नाही. आणि नवस फिटला नाही म्हणून देवीने दिलेली वाचा परत घेतली तर? शेवटी तिने देव्हाऱ्यापुढे कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे खाली टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की देवीचा होकार. “‘आगरातला बाप’ दाखवू?” दोन्ही उताणे. “‘नवरदेव’ दाखवू?” पुन्हा दोन्ही उताणे.

“दोन्ही उताणे म्हणजे देवी हसतेय, आई,” बुन-लिंग म्हणाली.

“हसायला काय झालं तिला? इथे माझा जीव जातोय.”

बुन-लिंग यंत्र चालवायला शिकत होती. भिंतीवर ‘आगरातला बाप’ लावून तिने विचारले, “बाबा, टोपी सापडते तिथे जरा थांबवू? मला तो चेहरा पुन्हा बघायचाय.”

“कसला चेहरा?” होक-सेंग म्हणाला.

“अहो, रडतो तो!”

त्याने यंत्राकडे बोट केले. “तिथे रीळ संपतं. मी दुसरं चढवायला वाकलेला असायचो. मी... नुसतं ऐकलंय ते.”

“म्हणून शिंकतो म्हणत होतास!” फिक-हा ओरडली. “न बघता! इतकी वर्षं!”

“आणि ‘नवरदेव’चा शेवट काय आहे, सांग तू.”

शेवट तिने पाहिलाच कुठे होता? शेवट यायच्या आत ती टोपली घेऊन फाटकाकडे पळे. गर्दी बाहेर पडताना शेंगदाणे जास्त खपत!

“काय आहे शेवट?” तिने हळूच विचारले.

“नाही सांगणार. बघ.”

मला माहीत होते, मित्रांनो. दोन्ही चेहरे अख्खे माझ्यावर पडले होते. पाहुणे गेल्यावर तो नवरदेव एकटाच उंबऱ्याशी वाकतो आणि बायकोच्या चपला सरळ करून ठेवतो, तिला निघताना पाय घालता यावा अशा. बस, एवढेच. एक शब्द बोलत नाही. पण सांगायला मला तोंड कुठे आहे?

फिक-हाने पुन्हा कौल हातात घेतला. “देवी, दोन्ही दाखवते. आम्ही दोघं समोर बसू, अख्खं बघू, आणि मग कुठलं चांगलं ते तुला खरं खरं सांगू. चालेल?”

एक उताणा, एक पालथा.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्या घरी माझ्यासारखे जुने कापड असेल तर ओले असताना त्याची घडी घालू नका. आणि जे अर्धेच पाहिले, त्याला वाईट म्हणण्याआधी एकदा समोर जाऊन बसा.

आज उन्हे उतरताच फिक-हाने मला खाटेखालून काढले, झटकले आणि तीनचाकी सायकलवर बांधले. यंत्र घेऊन बुन-लिंग मागून येणार आहे. नेहमी एक स्टूल असे. आज तिने दोन ठेवली. होक-सेंग काठी टेकत दाराशी आला आणि थांबला. त्याला अजून वाकता येत नाही. फिक-हा उंबऱ्याशी वाकली, त्याच्या उलट्या पडलेल्या चपला सरळ केल्या, बाहेर तोंड करून.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने एकेक पाय चपलेत घातला, आणि आम्ही देवळाकडे निघालो.