थेट ऐकू येण्याचं बटण

मित्रांनो, मी एक जुना, मुठीत न मावणारा ऑडिओ इंटरफेस आहे. नाव भारदस्त असलं तरी काम हमालाचं. माइकमधला आवाज उचलायचा आणि कॉम्प्युटरच्या दारात नेऊन ठेवायचा. कारखान्यात मला हजारो भावंडं होती, त्यामुळे लाड असे कुणाचेच झाले नाहीत. शिवाय मी स्वस्तातला. दुकानात मला सगळ्यात खालची फळी मिळाली.

एके दिवशी तिथे एक निवृत्त बस कंडक्टर आजोबा आणि त्यांची बायको आली. आजींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यात स्वरयंत्रच काढणार होते, म्हणजे पुढे बोलणं बंद. आणि मुलीला बाळ व्हायचं होतं. त्या बाळासाठी आजींना स्वतः रचलेल्या गोष्टी आपल्या आवाजात साठवून ठेवायच्या होत्या.

"माइक किती लावणार?" दुकानदाराने विचारलं.

"एकच. ही बोलणार, मी ऐकणार. लग्नापासून तीच पद्धत आहे."

"अहो, निदान परक्या माणसासमोर तरी खरं बोला," आजी म्हणाल्या.

दुकानदाराने माझं एक बटण दाखवलं. ते दाबलं की माइकमधला आवाज कॉम्प्युटरचा वळसा न घेता थेट हेडफोनमध्ये येतो. आजोबांनी हेडफोन लावला. आजी माइकमध्ये म्हणाल्या, "ऐकू येतंय का हो?" आजोबांचा चेहरा असा उजळला की दुकानदाराने दुसरा डबा काढलाच नाही. त्या एका बटणावर माझी निवड झाली. माझं पहिलंच कौतुक होतं ते. मी अगदी फुगून गेलो.

घरी आल्यावर, रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून आजींना माइकसकट भिंतीतल्या मोठ्या कपाटात बसवलं आणि दार लावून घेतलं.

"इतकी वर्षं स्वतंत्र कपाट मागत होते," आतून आवाज आला. "शेवटी दिलंत, तेही बसायला!"

"सांग गं, सांग. चला, पुढे!" कंडक्टरकी सुटली तरी आजोबांची ती सवय सुटली नव्हती.

आजी सांगत गेल्या. मिशी हरवलेल्या वाघाची गोष्ट, रुसून बसलेल्या जिन्याची गोष्ट. आजोबा बाहेर कॉम्प्युटरपाशी डोळे मिटून ऐकत. "वा! चला, पुढे!" पडद्यावरची आवाजाची रेघ थुईथुई नाचत होती.

पण आवाज कुणाकडून घ्यायचा, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. तिथे माझं नाव निवडायचं राहून गेलं होतं. त्यामुळे तो स्वतःच्याच इवल्याशा माइकने ऐकत होता. आजींचा शब्द न् शब्द मी कॉम्प्युटरच्या दारापर्यंत नेत होतो, पण ते दार बंद होतं. रेघ नाचत होती ती आजोबांच्या वाहवेने. आणि हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येत असताना त्यांना शंका तरी कशी यावी? मी ओरडून सांगितलं असतं, पण मला स्वतःचा आवाज नाही.

ऑपरेशन झालं. आजी अजून हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा आजोबांनी पहिल्यांदाच ते सगळं लावून ऐकलं. "वा! चला, पुढे!" त्यांचाच आवाज. त्याच्या मागे, बंद दाराआड, कुणीतरी पुटपुटत होतं. एक शब्द लागेल तर शपथ. आजोबा आवाज वाढवत गेले, वाढवायला जागा उरली नाही तोवर.

आजींना त्यांनी सांगितलं, "फक्कड आलंय."

मुलगी बाळाला घेऊन आली. आजींनी खुणेनेच तिला खुर्चीत बसवलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि हेडफोन स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर चढवला. मुलीने थोडं ऐकलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

आजी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

आणि मुलगी हसली. थोडं थांबून पुन्हा हसली. वाघ आरशासमोर येतो तिथे हसली, जिना पायऱ्या आवळून घेतो तिथे हसली. गोष्टी तिच्या लहानपणच्याच होत्या. हसायच्या जागा तिला पाठ होत्या.

"आई, अगदी तुझाच आवाज गं," ती म्हणाली. आजींनी समाधानाने बाळाच्या पाठीवर थोपटलं.

बाळ मोठं झाल्यावर कुठे हसेल, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आता मी एका खोक्यात पडून असतो. अंगावर धूळ बसते, तिची तक्रार नाही. मागणं एवढंच आहे. घरातल्या कुणाचा आवाज साठवायचा असेल, तर आधी दोनच शब्द साठवा आणि परत लावून ऐका. सगळं नंतर सांगा. आजींच्या साऱ्या गोष्टी माझ्यातून गेल्या. एखादा शब्द जरी माझ्यापाशी अडकून राहिला असता, तरी मी तो जपून ठेवला असता.