रानअद्रकीचा राखणदार

राधेश्याम सरांना आयुष्यात एकच हौस होती: आपलं नाव लॅटिनमध्ये लागावं. केदारखेड्याच्या शेतकऱ्याच्या पोराला ही असली हौस कुठून लागली, ते त्यांच्या बायकोलाही कधी उमगलं नाही. आपल्याकडे माणूस दुकानाच्या पाटीवर नाव लावतो, ट्रॅक्टरच्या मागे लावतो, फारच झालं तर वाढदिवसाचा बॅनर चौकात टांगतो. पण सर भोकरदनच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बॅनर महिन्याभरात फाटतो आणि झाडाला दिलेलं लॅटिन नाव झाड मेलं तरी पुस्तकात राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि झाड त्यांना सापडलं होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे डोंगरात उंबरदरी म्हणून एक ओलसर घळ आहे. उन्हाळ्यात तिथे दगड आणि पाचोळा यांशिवाय काही दिसायचं नाही. पावसाळा रुळला की जमिनीतून हिरवे कोंब वर यायचे, गुडघ्याएवढे व्हायचे, आणि श्रावण सरता सरता पानांच्या बुडाशी, मातीला अगदी चिकटून, फिकट पिवळं फूल उमलायचं. त्याची खालची पाकळी, म्हणजे ओठ, तेवढा जांभळा. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मान टाकायचं. दिवाळीनंतर पानं वाळून जात आणि कंद पुढच्या पावसापर्यंत जमिनीत गपगार पडून राही. तिथल्या बायका त्याला रानअद्रक म्हणत आणि पोरांच्या खोकल्यावर त्याचा नखाएवढा तुकडा चघळायला देत.

सरांनी ते सह्याद्रीतल्या त्याच्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून पाहिलं. कुणाशीच जुळेना. त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रीती साळवे, मूळची अंबडची, आता कोल्हापुरात याच कुळावर संशोधन करत होती. फोटो पाहून ती फोनवर जवळजवळ ओरडलीच. "सर, हे नवीनच दिसतंय. पुढच्या फुलोऱ्यात मी स्वतः येते. वर्णन मी लिहिते, आणि नाव तुमचंच द्यायचं, ठरलं."

त्या क्षणापासून सर दरीचे मालक झाले. सातबाऱ्यावर नव्हे, मनातल्या मनात. त्यांनी खेटे घालून घालून वनखात्याकडून दरीच्या तोंडाला तारेचं कुंपण करून घेतलं, लोखंडी फाटक बसवलं, वर पाटी लावली: दुर्मिळ वनस्पती, प्रवेश बंद. कुलपाची किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली.

"सर, एक किल्ली माझ्याकडं असू द्या की," वनरक्षक कल्याण म्हणाला.

"कशाला? तू कुणालाबी आत सोडशील."

दरीला सगळ्यात जवळचं घर नंदाबाईचं. तिच्या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच चरत आलेल्या. ती फाटकाशी येऊन उभी राहिली. "सर, सासूच्या टायमापासून आमच्या शेळ्या हितं चरून राह्यल्या. रानअद्रकीला त्या तोंडबी लावत न्हाईत. तिखट लागती त्यांना."

"खात नसतील नंदाबाई, पण खुरानं कोंब मोडतात. हे सायन्स आहे."

"बरं बाबा, सायन्स त सायन्स," असं म्हणून तिने शेळ्या वळवल्या आणि लांबच्या माळाची वाट धरली. सरांना आपण जगाचं भलं केल्यासारखं वाटलं.

इकडे घरी त्यांचे वडील रामराव यांची अद्रक त्या वर्षी आजारी पडली होती. लागवडीच्या बेडवर पाणी तुंबलं आणि कंदकुज शिरली. शेंड्याकडून पानं पिवळी पडत, खोड नुसतं धरलं तरी हातात येई, खाली कंद दाबला तर घाणेरडं पाणी. केदारखेड्यात अद्रक लावणाऱ्या प्रत्येकाला हा वास ओळखता येतो आणि कुणालाच तो ओळखायची इच्छा नसते. सर गुणी मुलगा. सकाळी गुडघ्याएवढे बूट चढवून ते बापाबरोबर चाऱ्या उकरत, सडलेली झाडं उपटून बाहेर काढत, आणि दरीची खेप असली की तसेच मोटारसायकलीवर बसून निघत.

"अरे, पाय तरी धू," रामराव एकदा म्हणाले.

"अण्णा, तिथंबी चिखलच हाये. परत आल्यावर धुतो."

पुढच्या पावसाळ्यातही घरची कंदकुज हटली नाही. इकडे रानअद्रकीचे कोंब आले, आणि गुडघ्यापर्यंत पोचायच्या आधीच पिवळे पडू लागले. फाटकाजवळचे आधी. सरांची झोप उडाली. त्यांनी गुन्हेगार शोधायला सुरुवात केली, आणि शोधणाऱ्याला गुन्हेगार सापडतोच. कुंपणाबाहेर लेंड्या पडलेल्या होत्या. शेळ्या कुणाच्या, हे विचारायची गरजच नव्हती. दरी बंद केल्याचा राग नंदाबाईच्या मनात असणार, तिनेच वरून काहीतरी ओतलं असणार. त्यांनी कल्याणला गाठून सांगितलं. कल्याण नाइलाजाने नंदाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला आणि शेळ्या पुन्हा कुंपणाजवळ दिसल्या तर केस होईल असं सांगून आला. नंदाबाईने त्याला चहा पाजला आणि शेळ्या माळाकडे हाकल्या.

आजारी माणसाकडे आपण जास्त जातो. सरही आधी आठवड्यातून एकदा जायचे, ते आता रोज जाऊ लागले. एकेका झाडापाशी उकिडवं बसत, पान उलटून पाहत, घरच्याच खुरप्याने बुडाची माती मोकळी करून मुळांना हवा देत. त्यांनी एवढा जीव पोटच्या पोरांना लावला नव्हता, आणि खरंच सांगायचं तर त्या दिवसांत त्यांच्या मनात लॅटिन नावही नव्हतं. झाड वाचावं, एवढंच होतं. आणि ते जेवढी माया करत, तेवढी पिवळी पानं वाढत.

मग एके दिवशी एक कोंब त्यांच्या हातात आला. ओढला नव्हता, नुसता धरला होता. त्यांनी तो नाकाशी नेला. हाच वास त्यांनी त्या सकाळी केदारखेड्यात घेतला होता.

त्यांनी खाली पाहिलं. दरीची माती तांबूस, मुरमाड. बुटांना लागलेली माती काळी होती. फाटकापासून आत आलेली पिवळ्या पानांची रांग त्यांच्याच पायवाटेने चालली होती, ते जिथे वळायचे तिथे वळली होती, जिथे बसायचे तिथे पसरली होती. वर, मोठ्या कातळामागे, जिथे गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते कधी चढलेच नव्हते, तिथली झाडं हिरवीगार उभी होती.

आणि हेच सर दरवर्षी शेतकरी मेळाव्यात माईक हातात घेऊन सांगत: एकाच्या वावरातली माती दुसऱ्याच्या वावरात नेऊ नका, कंदकुज पायाने चालत येते. लोक टाळ्या वाजवत.

सर तिथेच बसले आणि रडले. दुःखापेक्षा लाज जास्त होती. रडून झाल्यावर त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली, जाऊन कल्याणच्या हातात दिली आणि म्हणाले, "गुडघा लई दुखून राह्यला. आता तूच बघ. पण खालच्या सडलेल्या झाडांना शिवू नको, आणि आत जाणाऱ्याचे पाय ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवून घे." खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. गुडघाही तसा दुखतच होता.

फुलं आली तेव्हा प्रीती कोल्हापूरहून आली. सरांनी तिला फाटकापर्यंत नेलं. तिचे बूट, हात, कात्री, सगळं स्वतः उभं राहून धुवून घेतलं, आणि आपण मागे सरकले.

"सर, तुम्ही येत नाही?"

"तू जा. कातळाच्या मागून वर चढ, खालून जाऊ नको."

ती गेली. सर बाहेर दगडावर बसले. थोड्या अंतरावर नंदाबाई माळावरून शेळ्या घेऊन परतत होती. कुंपणापासून शेळ्या लांब ठेवायला तिला फार ओरडावं लागत होतं. प्रीती बऱ्याच वेळाने बाहेर आली, चेहरा नुसता फुललेला. नवीन आहे, शंकाच नाही, असं तिने सांगितलं. मग वही उघडून ती खाली बसली.

"नाव तर ठरलंच आहे. फक्त एक राहिलं. झाडाला धोका कशाचा, ते लिहावं लागतं. तुम्ही फोनवर सांगितलं होतं तेच लिहू ना? शेळ्यांची चराई आणि स्थानिकांचा त्रास?"

सरांनी नंदाबाईकडे पाहिलं. ती ऐकण्याइतकी जवळ आली होती. हो म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. छापून आलं असतं, नाव लागलं असतं, कुंपण कायम राहिलं असतं, आणि पुढचा एखादा भला माणूस असाच वावरातून उठून बूट घालून आत गेला असता.

"न्हाई," सर म्हणाले. "लिही, अद्रकीच्या वावरातली कंदकुज. राखण करणाऱ्याच्या बुटांमधून आली."

प्रीती हसली, मग हसायची थांबली. "कोणाच्या?"

"माझ्या."

"सर, हे छापलं तर..." तिने पेन खाली ठेवलं. "ज्याच्या नावाचं झाड, त्यानंच ते मारलं असं कसं छापायचं? हे लिहायचं तर मग तुमचं नाव देता येणार नाही."

"नको देऊ. दरीचं दे."

नंदाबाई शेळ्या विसरून उभी राहिली होती. "म्हंजे माझ्या शेळ्यांनी काहीच केलं न्हवतं?"

"न्हाई, नंदाबाई. मी केलं. चुकलं माझं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मंग त्या केसचं काय?" तिने विचारलं.

"कल्याणला मी आजच सांगतो. सगळं खरं."

"बराबर सांगा. मागं त्याला सांगितलं तसं निस्तं गुडघा दुखतो म्हणून सांगू नका," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे निघून गेली.

प्रीतीने वही मिटली. तिने मोबाइल काढून पडदा त्यांच्यापुढे केला. त्यावर ते फूल होतं, मातीला चिकटलेलं, जांभळ्या ओठाचं, त्याच सकाळी उमललेलं. "घ्या ना सर, मोठं करून बघा."

सर उठले, चार पावलं मागे गेले आणि वावरात राबलेले दोन्ही हात पाठीमागे बांधले. प्रीती तोच मोबाइल घेऊन पुन्हा आत जाणार होती.

"तूच धर," ते म्हणाले. "मी हितूनच बघतो."