सावड फेडली

मित्रांनो, मला पाहून शिंप्याची आठवण काढू नका आणि न्हाव्याचीही नको. मी द्राक्षाच्या काड्या छाटणारी एक जुनी कात्री आहे. माझे एक पाते धारदार आहे, दुसरे बाकदार आणि बोथट. धारदार पाते कापते, बोथट पाते काडीला धरून ठेवते. धरणारे कोणी नसेल तर धारेचा उपयोग नाही, एवढेच आमचे यंत्रशास्त्र.

पोलाद तापवून, ठोकून मला कुठल्याशा कारखान्यात घडवले. तिथले मला फारसे आठवत नाही. माझा खरा जन्म तासगावच्या बाजारात झाला असे मी मानते. मनुबाईंनी मला उचलले, मिटून-उघडून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हिची स्प्रिंग करकरतीया. पर हाताला बसती." घरी आल्यावर त्यांनी माझ्या मुठींना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली.

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. काडीवर जिथून नवा फुटवा येतो त्या जागेला डोळा म्हणतात. ऑक्टोबरात कितव्या डोळ्यावर कापायचे, यावर पीक ठरते. चुकीच्या जागी कापले की वेल हिरवीगार होते आणि घड मात्र येत नाहीत. मनुबाई चुकत नसत. 'मनुबाईची कात्री' म्हणून शेजारच्या बागांतही माझे नाव होते. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. गावात हलक्या, रंगीत कात्र्या आल्या. मी गोठ्यातल्या खिळ्यावर लटकले आणि माझ्या मुठीत कोळ्याने घर केले.

मग निमा आली.

ती आफ्रिकेतल्या टांझानिया देशातली, डोडोमाची. तिकडे तिच्या नावाचा उच्चार थोडा लांबवतात. पण "निमा तर माज्या आत्याचंच नाव," असे म्हणून मनुबाईंनी पहिल्याच दिवशी तो प्रश्न मिटवला. मनुबाईंची नात पूजा आणि निमा साताऱ्याकडच्या एका महाविद्यालयात एकत्र एम.एस्सी. करत होत्या. डोडोमालाही द्राक्षे होतात आणि तिथेही वर्षातून दोनदा छाटणी करतात. कितव्या डोळ्यावर कापल्यास किती घड येतात, हा निमाच्या प्रबंधाचा विषय होता. मनुबाईंनी तिला बागेतल्या काही ओळी दिल्या आणि ती प्रयोगासाठी त्यांच्याच घरी राहायला आली. फेब्रुवारीत घड मोजायचे, प्रबंध द्यायचा आणि पदवी घेऊन घरी जायचे, असा तिचा बेत होता.

खिळ्यावरून मला तिनेच काढले. राखेने घासले, तेल दिले. एका वेलीचा रोग दुसरीला लागू नये म्हणून ती प्रत्येक वेलीनंतर माझी पाती स्पिरिटने पुसत असे. इतकी निगा माझी कोणीच घेतली नव्हती.

त्या ऑक्टोबरात छाटणीला मजुरांच्या टोळ्या मिळेनात. तेव्हा गावाने जुनी सावड पुन्हा सुरू केली. सावड म्हणजे, मित्रांनो, आज तुम्ही आमच्या रानात या, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो. मजुरी नाही. शेजारच्या आप्पासोंच्या बागेत जायच्या दिवशी निमाही मला घेऊन निघाली. दारात थांबून तिने विचारले, "पूजा, हे काम आहे का? माझ्या व्हिसावर शिकताना बाहेर काम करता येत नाही."

"अगं, काम कुठलं? सावड आहे ही. कुणी पगार देतंय का?"

"सावड म्हणजे काम नाही?"

"नाही गं बाई. सावड म्हणजे सावड."

निमाने तो शब्द पाठ केला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला.

आप्पासोंच्या बागेत तिचा हात सर्वांच्या पुढे चालला. शेजारच्या ओळीत गावातला गुंडा छाटत होता, त्याला तिची थट्टा केल्याशिवाय राहवेना.

"आवं निमाबाय, तुमच्यात बी मालक असाच झाडाखाली घोरतो का?"

"आमच्याकडे झाडं कमी आहेत," निमा म्हणाली. "म्हणून मालक काम करतो."

आप्पासो खडबडून उठले आणि बाग हसण्याने भरून गेली.

संध्याकाळी पूजाच्या भावाचा, साईराजचा, ऑस्ट्रेलियाहून व्हिडिओ कॉल आला. तो तिकडे शिकत होता आणि एका द्राक्षमळ्यात कामालाही जात होता. शिक्षण चालू असताना त्याला पंधरवड्यात अठ्ठेचाळीस तास कामाची मुभा होती, त्याहून जास्त नाही. सावडीची गंमत ऐकून तो हसला नाही.

"आजी, तिला बागेत न्यायच्या आधी कुणाला तरी विचारा. इथं पगार घ्या नाहीतर घेऊ नका. ज्या कामाला एरवी पगार मिळतो, ते फुकट केलं तरी कामच धरतात."

"आरं, तिकडली माणसं घड्याळाची. हितं सावडीला कोण घड्याळ लावतंय? पाव्हणी घरात बसून भिताडाशी बोलंल व्हय?"

सगळे हसले. निमाही हसली. त्यानंतर ती आणखी काही दिवस सावडीला गेली.

मग तिच्या प्रयोगाची छाटणी आली. सगळ्या ओळी एकाच दिवसात छाटायला हव्या होत्या, नाहीतर हवेतला फरक निकालात शिरला असता. एकटीला ते जमणारे नव्हते. आप्पासो, गुंडा आणि सावडीतल्या बायका न बोलावता आल्या. तिने सांगितलेल्या डोळ्यावर, जराही इकडेतिकडे न होता, त्यांनी कापून दिले. जाताना आप्पासो म्हणाले, "घ्या निमाताई. तुमची सावड फेडली."

डिसेंबरात तिच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. चौकशीला परदेशी नागरिकांच्या कार्यालयातले एक साहेब घरी आले. मी ओसरीवरच होते. मनुबाईंनी त्यांना चहा दिला.

"मुलगी दिवसभर करते काय?" साहेबांनी विचारले.

"शिकती. आन् लय कामाची हाय, साहेब. आप्पासोची निम्मी बाग तिनंच छाटली."

साहेबांचे पेन थांबले. "फुकट?"

मित्रांनो, तो एक शब्द मनुबाईंना शिवीसारखा लागला. घरी आलेल्या परक्या लेकीला फुकट राबवणे, याहून मोठी नाचक्की त्यांच्या लेखी नव्हती.

"फुकट? आमी तसली माणसं हाय व्हय? तिची सावड समद्यांनी फेडली. पोरीचा येक दिस आमी अंगावर ठेवला न्हाई!"

साहेबांनी शांतपणे लिहून घेतले. काम केले. मोबदला मिळाला.

मुदतवाढ नाकारली गेली. महाविद्यालयाने पत्र दिले, त्याचा उपयोग झाला नाही. घड मोजायच्या आधीच निमाला देश सोडावा लागणार होता, म्हणजे प्रबंध आणि पदवीही हातची जाणार होती.

दुसऱ्या दिवशी मनुबाई मला पिशवीत घालून, पूजाला घेऊन, शहरातल्या कार्यालयात गेल्या. तेच साहेब समोर होते.

"साहेब, मी खोटं बोलले. आमी कायबी फेडलं न्हाई. पोरीला फुकट राबवली. तसं लिवा. माज्या नावानं लिवा."

पूजाने त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला.

"आजी, फुकट केलं तरी काम ते कामच," साहेब म्हणाले. "आणि तुम्हीच दिलेला जबाब मी कसा खोडू?"

मनुबाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. "ही बगा. येवढीशी कात्री. ह्याला काम म्हणत्यात?"

"कात्री आत घ्या, आजी. हत्यार आणायचं नसतं इथं."

जिने आयुष्यात कोणाचा एक दिवस अंगावर ठेवला नाही, ती बाई भर कार्यालयात ओरडून सांगत होती की आपण एका पोरीला लुबाडले. आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते.

निघायच्या दिवशी निमा मनुबाईंच्या पाया पडली. मनुबाई नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पूजाला तोंड वर करवेना. निमा रागावली नव्हती. मला वाटते, रागावली असती तर बरे झाले असते. ती तिला एवढेच म्हणाली, "सावड म्हणजे काम, पूजा. आता कळलं."

फेब्रुवारीत आप्पासोंची बाग लगडली. निमाने राखलेल्या डोळ्यांतून आलेली द्राक्षे पेट्यांत बसून समुद्रापार गेली. त्यांचे कागद व्यवस्थित होते. पूजाने प्रयोगाचे घड मोजून आकडे डोडोमाला पाठवले. निमाने आभार मानले आणि विचारले, "आता यांचं मी काय करू?"

मला पुन्हा गंज चढतो आहे, पण माझी निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंड आहे, घासले की निघते. मित्रांनो, लांबून शिकायला आलेले कोणी तुम्हाला विचारेल, 'हे केले तर चालेल का?' तेव्हा हसू नका आणि प्रेमाने हो म्हणू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आपण चुकलो तरी आपले घर आपल्यालाच असते. विचारणाऱ्यापाशी त्या दिवशी तुमच्या शब्दाखेरीज दुसरे काहीच नसते.