वाटेवरची माती

उंब्रजच्या उसाच्या काळ्याभोर रानात वाढलेली विजयमाला लग्न होऊन आटपाडीला आली आणि सासरचं शेत बघून तिचं डोकंच फिरलं. "आवं मामा, ह्याला रान म्हणत्यात व्हय? नुसता दगड हाय!" ती सासऱ्यांना तोंडावर म्हणाली.

"दगड न्हाई पोरी, मुरूम हाय," नाथाजी हसले. "डाळिंबाला ह्योच लागतो."

तिला ते पटेना. हट्टानं तिनं माहेराहून टेम्पोभर काळी माती मागवली आणि आपल्या वाट्याच्या ओळीतले खड्डे तिनं भरून डाळिंबाची रोपं लावली. पावसाळ्यात त्या मातीत पाणी तुंबलं आणि रोपं मुळापासून कुजली. शेजारच्या ओळीत, मुरमातली रोपं मात्र तरारली.

संतापून तिनं हातातलं खोरं बांधावरच्या एका गोल दगडावर आपटलं. दगडाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटला. खाली दुसरा पापुद्रा होता, आणि तो तर नुसत्या बोटांनी चुरला. चुऱ्यात गवताची केसाएवढी मुळं शिरलेली होती.

"ऊन तापवतं, पाऊस मुरतो, मुळं फट धरत्यात," नाथाजी म्हणाले. "दगड फोडायला सुरुंगच लागतो असं न्हाई."

मग तिनं मुरमातच लावलेल्या झाडांना पहिली फळं लागली तेव्हा तिचा भाऊ जयराज आला. "दगडात बाग लावलीस व्हय गं?"

विजयमालानं मूठभर मुरूम उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "दगड कुणाला म्हणतोस रं? माती हाय ती. अजून वाटंवर हाय, एवढंच."